बीएड की डीएलएड? आधी वर्ग कोणता ते सांगा

प्रश्न : ताई नमस्कार. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करतेय, शेवटचं वर्ष आहे. मला लहान मुलांना शिकवायला मनापासून आवडतं, वाडीतल्या तिसरी-चौथीच्या पोरांची शिकवणी दोन वर्षं घेतेय. घरचे म्हणतात बीएडच कर, त्यात सगळं येतं. आता चार वर्षांचं बीएड पण निघालंय म्हणे. काय करू? (एक वाचक, कोकण)

उत्तर : अगं, "बीएडमध्ये सगळं येतं" हे घरोघरी ऐकू येतं आणि त्यात त्यांची चूक नाही, मधली काही वर्षं तसं होतंही. 2018 साली एनसीटीईने (शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद) बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीची दारं उघडली होती, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा अशी अट घालून. पण 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि बीएडचं ट्रेनिंग त्यासाठी नाहीच, असं कोर्टाचं म्हणणं, आणि मला ते अगदी पटतं. सहा वर्षांच्या मुलाला हातचा घ्यायला शिकवणं आणि दहावीला रासायनिक समीकरण शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं सोपं आणि दुसरं अवघड असं बिलकुल नाही.

म्हणून मी कुणालाही आधी हेच विचारते, वर्ग कोणता? तू तिसरी-चौथी म्हणतेयस, मग तुझा कोर्स डीएलएड, म्हणजे आपलं जुनं डीएड. दोन वर्षांचं, प्रवेश बारावीच्या मार्कांवर. पदवी झाल्यावर बारावीनंतरचा कोर्स कसा करायचा, लोक काय म्हणतील, असं वाटून मुली मागे फिरतात, पण जरा नीट बघ, तुझ्याकडे पदवी आणि डीएलएड दोन्ही झालं की टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक देऊन पहिली ते पाचवी, आणि पेपर दोन देऊन सहावी ते आठवी, दोन्हीकडे तू पात्र ठरतेस. उलट बीएड केलंस तर पाचवीपर्यंतचा रस्ता बंद. नववी-दहावीला शिकवायचं असेल तर मात्र बीएडच लागतं, आणि अकरावी-बारावीला बीएडच्या जोडीला एमएस्सी पण.

चार वर्षांचा कोर्स, ज्याला आयटेप म्हणतात, तो बारावीनंतरचा आहे, बीए, बीएस्सी किंवा बीकॉम त्यातच होतं आणि त्यासाठी एनसीईटी ही वेगळी परीक्षा असते. तुझ्यासाठी ती वेळ गेली, पण घरात कुणी बारावीला असेल तर त्यांना नक्की सांग, 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हाच कोर्स असावा असं नव्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय.

आणि एक, टीईटी आणि टेट यात गोंधळ करू नकोस, दरवर्षी मुलं करतात. टीईटी ही पात्रता, 150 पैकी 90 मार्क पडले (आरक्षित गटाला यात सवलत आहे) की झाली पास. टेट म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, 200 मार्कांची, त्यात पास-नापास नसतं, जितके मार्क जास्त तितका शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर वर. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर, प्राथमिकला महिना 16,000. हे घरी आत्ताच सांगून ठेव म्हणजे नंतर वाद नको.

प्रश्न : मॅडम, मला बीएडला एका कॉलेजात ॲडमिशन मिळतंय, ते सांगतात रोज यायची गरज नाही, फाइली तयार मिळतील, फक्त परीक्षेला या. मी खासगी नोकरी करतो त्यामुळे मला हे सोयीचं आहे. काही प्रॉब्लेम येईल का? (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : दादा, घेऊ नका हे ॲडमिशन. नियम सांगायचा तर हजेरी 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के लागते, कागदावर ते लोक दाखवतीलही. पण 2015 पासून बीएड एका वर्षाचं दोन वर्षांचं का झालं? शाळेत जास्त दिवस घालवता यावेत हे त्याचं मोठं कारण होतं, आता एकूण 20 आठवडे इंटर्नशिप असते. तेच वगळलं तर राहिलं काय?

मी छात्राध्यापिका होते तेव्हा माझ्या पहिल्या पाठाचं टाचण 35 मिनिटांचं होतं आणि ते बाराव्या मिनिटाला संपलं, समोर साठ मुलं आणि मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेल्या आमच्या बाई. तास संपल्यावर बाई एवढंच म्हणाल्या की तू एकही प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली नाहीस. त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं शिकवलंय, आणि ते वाक्य तयार फाइलीत कुठून येणार? मायक्रो टीचिंग (एकेक कौशल्य घेऊन छोटासा पाठ) काय, सराव पाठ काय, हे सगळं कुणीतरी मागे बसून तुम्हाला बघण्यासाठीच असतं.

नोकरी सोडणं परवडत नसेल तर थांबा, पैसे साठवा, पुढच्या वर्षी बीएडची प्रवेश परीक्षा, सीईटी, द्या. दूरस्थ बीएड आहे, आपल्याकडे नाशिकचं मुक्त विद्यापीठ चालवतं, पण ते आधीच डीएड झालेल्या, नोकरीत असलेल्या प्राथमिक शिक्षकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. आणि ॲडमिशन घेताना पद्धत म्हणजे मेथड (कोणता विषय शिकवायला शिकणार तो) तुमच्या पदवीच्या विषयाचीच घ्या. सोपी म्हणून भलतीच मेथड घेतली की भरतीत विषयनिहाय जागा निघतात तेव्हा अडकायला होतं.

प्रश्न : बीएड झालंय. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात एमए एज्युकेशन करू की अध्यापक महाविद्यालयात एमएड? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बीएड कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएड. तेही दोन वर्षांचं, बीएड किंवा पदवीसोबत डीएलएड असं शिक्षक-प्रशिक्षण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यासोबत तुमच्या विषयातली एमए किंवा एमएस्सी 55 टक्क्यांनी हवी, वर नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी. एमए एज्युकेशन बीएड नसतानाही करता येतं, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, धोरण, संशोधन यात रस असेल तर छान आहे. तुमचं बीएड 55 टक्क्यांच्या वर असेल तर एमए एज्युकेशनवरही बीएड कॉलेजात तत्त्वज्ञान-समाजशास्त्राच्या पेपरांसाठी अर्ज करता येतो, मेथड शिकवायला मात्र एमएडच लागेल.