बाळाची हालचाल आणि वजन : नव्या आशाताईस पत्र

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद.

आशा म्हणून तुझ्या गृहभेटी आता सुरू झाल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, आणि पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी तू त्या घरी जाशील. वजन, लसीकरण, स्तनपान यांची चौकशी आपण सगळ्याच करतो. परंतु बाळ दिवसभरात किती वेळ मोकळेपणी हातपाय हलवते, हे क्वचितच विचारले जाते. ते तू आवर्जून विचारावेस.

आपल्याकडे लहान बाळ एक तर दुपट्यात गुंडाळलेले असते, झोळीत निजलेले असते, नाहीतर कोणाच्या तरी मांडीवर असते. त्यामागे माया असते हे मी जाणते, तरी मान धरण्यासाठी आणि कुशीवर वळण्यासाठी लागणारी ताकद सपाट सतरंजीवर, स्वतः धडपडूनच येते. अजून रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटे पालथे ठेवावे, एका वेळी तासाहून अधिक काळ कशातही बांधून ठेवू नये आणि वर्षाच्या आत मोबाईल किंवा टीव्ही दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे.

हा 30 मिनिटांचा आकडा पहिल्याच भेटीत ओल्या बाळंतिणीपुढे ठेवू नकोस, कारण बाळ मिनिटभरात रडू लागले की तिला वाटते, आपल्याला हे जमतच नाही. त्यापेक्षा मालिशीच्या वेळी घरी जा. पाठीला तेल लावताना आजी बाळाला पायांवर पालथे घेतातच. तिथेच त्यांना सांग की तेल लावून झाल्यावरही क्षणभर तसेच राहू द्या, समोर आईला बसू द्या, तिचा आवाज ऐकून बाळ मान उचलील. आजींच्या हातून सुरू झालेली गोष्ट त्या घरात टिकते, हा माझा अनुभव आहे. सिझेरियन झालेल्या आईला वाकणे कठीण जाते. तिने उशांना टेकून रेलावे आणि जागे बाळ छातीवर पालथे घ्यावे. झोपवताना मात्र बाळ नेहमी उताणेच असले पाहिजे, हे दर भेटीत न कंटाळता सांग.

वजनाच्या बाबतीत तुला ‘गुटगुटीत’ या कौतुकाशी सामना करावा लागेल. शेजारचे बाळ भरलेले दिसले की आपले दूध पुरत नाही अशी शंका आईला येते आणि बाटली घरात शिरते. तिला माता-बाल संरक्षण कार्डावरचा आलेख उघडून दाखव. मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे असतात, तेव्हा पान तपासून घे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, पाचव्या महिन्याच्या आसपास ते जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला सुमारे तिप्पट होते. जन्मतः लहान असलेले बाळ आपल्या रेषेने वर सरकत असेल तर ते चांगले वाढते आहे. रेषा आडवी झाली किंवा एकदम उंच चढू लागली, तर आहाराची चौकशी कर. पण वजन जास्त दिसते म्हणून अंगावरचे दूध कमी करायला कधीही सांगू नकोस.

प्रत्येक रडणे भुकेचे नसते, आणि बाळाने तोंड फिरवले की पोट भरले, हे आईला प्रत्यक्ष दाखवून दे. सहा महिने पूर्ण झाल्यावर घट्टसर वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे सुरू करावे. चहात बुडवलेले बिस्कीट आणि मोबाईल दाखवून भरवलेला घास, या दोन्ही सवयी लागण्याआधीच थांबवाव्यात.

वॉकरसाठी लोक हौसेने पैसे घालतात. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट पडून इजा होते. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. मुले साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही स्वतःहून चालू लागतात, काही तर न रांगताच उभी राहतात, म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून आईला घाबरू देऊ नकोस. मात्र चार महिने पूर्ण होऊनही मान सावरत नसेल, अंग फार सैल किंवा ताठ वाटत असेल, अथवा बाळ एकाच बाजूचे हातपाय हलवत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखव, आणि शक्य असेल तर आईसोबत तू स्वतः जा.