झील धरणारी माणसं आधी जमव

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री मिळाला. नोटिशीचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. मग दसरा चौकातल्या धरण्यात तू म्हटलेलं ते नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाविरुद्धचं गाणं पुन्हा ऐकलं. कॉलेजनं संमेलनातला तुमचा कार्यक्रम काढून टाकला, ठाण्यातून कागद आला, घरात वडील दोन दिवस बोलत नाहीत, आणि तू विचारतेस, ‘काका, गाणं चॅनेलवरनं उतरवू का?’

उतरवू नकोस. मात्र ‘घाबरू नको’ एवढं लिहून मी मोकळा होणार नाही. भीती वाटण्यासारखं काय आहे आणि काय नाही, ते नीट बघू.

आधी तो कागद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खालची ती नोटीस आहे. जुन्या कायद्यात हिलाच आपण ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचो. आंदोलनात वावरलेल्या माणसांच्या कपाटात असल्या नोटिसा पडलेल्या असतात. ती अटक नव्हे आणि तिच्यानं गुन्हाही नोंदला जात नाही. ती ताकीद आहे. तिला दोन ओळींचं लेखी उत्तर वकिलाकडून दे आणि त्याची पोच घे. साक्षीदार म्हणून तुझा जबाब हवा असेल तर बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो. कलम १७९ तसं सांगतं. फोन मागितला तर जप्तीचा पंचनामा झाल्याशिवाय हातातून सोडू नकोस. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना तिथं मोफत वकील मिळतो. आणि एकटी कुठंच जाऊ नकोस.

आता माझी एक गोष्ट सांगतो. तुला ती पूर्ण कधी सांगितली नव्हती.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा आमचं पाचजणांचं कलापथक होतं. मी डफावर, एक तुणतुण्यावर, एक हलगीवर आणि दोघं झीलकरी, म्हणजे मागनं पालुपदाची झील धरणारे. एका साखर कारखान्यावर मी कवन रचलं. विषय काटामारीचा, म्हणजे उसाच्या वजनातल्या चोरीचा. तिसऱ्या कडव्यात मी बेधडक म्हटलं होतं की दर गाडीमागं दोनशे किलो ऊस काट्यातच मुरतो. हा दोनशेचा आकडा मी आणला कुठनं? चहाच्या टपरीवरनं. पंचगंगेकाठच्या एका गावच्या जत्रेत ते कवन म्हटलं आणि माणसं अक्षरशः उठून उभी राहिली. तसली दाद मला पुढं कधी मिळाली नाही.

आठवड्यात वकिलाची नोटीस आली. सोबत काटा तपासल्याचं प्रमाणपत्र. माझ्याकडं काट्याची एकसुद्धा पावती नव्हती. चावडीपुढं उभं राहून माफी वाचून दाखवावी लागली, आणि त्या दिवसापासून ते कवन मेलं. बाकीची चार कडवी खरी होती, त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता; पण खोटं ठरलेलं तिसरं कडवं पुढं करून सगळंच गाणं खोटं ठरवलं गेलं. माफी वाचून खाली उतरलो तर एक म्हातारा जवळ आला. म्हणाला, ‘पावत्या माझ्याकडं हैत की रं, चार वर्साच्या. इचारलं असतंस तर दिल्या असत्या.’

मी विचारलंच नव्हतं.

आणि यापेक्षा मोठी चूक पुढंच आहे. आमच्या हलगीवाल्याचा अठरा गुंठे ऊस होता. त्या हंगामात त्याच्या शेतात तोडीची टोळी काही आली नाही. शेजारच्या रानात कोयते चालले, पलीकडच्या रानात चालले. तोडीची पाळी लावणारा कारखान्याचा चिटबॉय रोज ‘उद्या बघू’ म्हणायचा. उसाला तुरा आला, पोकळ पडला, आणि एप्रिल सरता सरता तोड आली तेव्हा वजन किती उतरलं ते मी लिहीत नाही. कुणी बंदीचा हुकूम काढला नव्हता. कुठल्या कागदावर सही नव्हती. त्यानं स्वतः मला कधी सांगितलं नाही. त्याच्या बायकोनं माझ्या आईला सांगितलं. पुढच्या जत्रेला तो आला नाही. भांडला नाही, रागावला नाही. दोन लेकरं होती त्याला.

कवन माझं होतं, नाव माझं झालं, आणि भरलं त्यानं. गाणं रचताना त्याला एकदा तरी विचारायला हवं होतं, ही रुखरुख अजून जात नाही.

म्हणून तुझ्या पथकातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचार. कुणाचं रान त्या महामार्गाच्या पट्ट्यात आहे? कुणाचे वडील सोसायटीत, दूधसंघात, शाळेत नोकरीला आहेत? कुणाला पुढं पोलीस भरतीला बसायचं आहे? ज्याला या एका गाण्यातनं बाजूला राहायचंय त्याला राहू दे, आणि मनात अढी धरू नकोस. तो दुसऱ्या गाण्याला येईल. आणि बिदागीतला एक हिस्सा आजपासून वेगळा काढा, कोर्टाच्या तारखांसाठी आणि ज्याचा रोजगार बुडेल त्याच्यासाठी. आम्ही ते केलं नव्हतं.

कायद्याचंही थोडं लिहितो, कारण नुसत्या धाडसावर कोर्टात उभं राहता येत नाही. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर बंदी घालायचा कायदा केला. पुढं कीचकाच्या आडून व्हाइसरॉय कर्झनवर बोट ठेवणारं ‘कीचकवध’ हे मराठी नाटक त्यांनी १९१० मध्ये बंद पाडलं. तो कायदा पुस्तकातनं पुसला जायला २०१८ साल उजाडलं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आपल्याकडं नाटकाची संहिता आधी वाचून प्रमाणपत्र देत आलंय, तमाशाची वहीसुद्धा त्यात आली. परवानगी घेऊन बोलायची सवय अशी जुनी आहे, आणि ती दरवेळी कुठल्या एका पक्षाच्या राज्यात लागलेली नाही, हे ध्यानात ठेव.

अलीकडचंच बघ. तामिळनाडूत कोवन नावाच्या गायकाला २०१५ साली सरकारी दारू दुकानांवर गाणं म्हटलं म्हणून मध्यरात्री उचललं आणि राजद्रोहाचं कलम लावलं. २०२३ मध्ये नेहा सिंह राठोडला भोजपुरी गाण्यावरनं कानपूर देहात पोलिसांची नोटीस गेली. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात खोक्यांवर रॅप केला म्हणून पोरांवर गुन्हे नोंदले गेले. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांनी तर कित्येक वर्षं तुरुंगात काढली आहेत. हे तुझ्यापासून लपवून तुला ‘गा’ म्हणणं मला जमणार नाही.

पण दुसरी बाजूही माहीत असू दे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द केला. विषय एका कवितेचा होता, शेहेचाळीस सेकंदांच्या व्हिडिओमागं वाजणाऱ्या. न्यायालयानं सांगितलं की शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, धीट माणसाच्या मापानं. उठसूट ज्याला धोका दिसतो अशा भित्र्या मनाच्या मापानं नव्हे. शिवाय बोलण्या-लिहिण्यावरचा गुन्हा तीन ते सात वर्षं शिक्षेच्या टप्प्यातला असेल तर आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, हेही त्यात आहे. निकालाची प्रत काढून वकिलाच्या फाइलला लाव. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता रात्रभर एसटीत बसून मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्या भाऊसिंगजी रोडवर आहे. आमच्या वेळी नुसत्या प्रवासखर्चाच्या धाकानं माणसं गप्प बसायची.

तुझ्या गाण्यात ८०२ किलोमीटर आणि बारा जिल्हे असं येतं. २०२५ च्या आराखड्याप्रमाणे ते बरोबर आहे. पण ‘बागायत गिळली’ म्हणतेस तिथं कुठल्या गावची, कुठला गट नंबर, हे तुझ्या वहीत असायला हवं. गाण्यात नसलं तरी चालेल. शिरोळ-कागलकडच्या शेतकऱ्यांकडनं सातबाऱ्याच्या प्रती माग, देतील. चौथ्या कडव्यात एका पुढाऱ्याच्या घरच्या बाईचा उल्लेख आहे, तो काढ. पोलिसांच्या भीतीनं नव्हे. तिचा या रस्त्याशी काही संबंध नाही म्हणून. पुढाऱ्यानं सभागृहात काय म्हटलं, ते तारखेसह म्हण. आणि तो इंटरनेटवरनं उचललेला ठेका बदल. असल्या ठेक्यावर कुणीतरी मालकी सांगतो आणि गाणं उतरतं. मग ते सरकारनं उतरवलं की ठेकेवाल्यानं, हे कुणाला कळत नाही. आपल्या कोल्हापुरी हलगीसारखा ठेका तुला कुठं मिळणार आहे?

शाहिरीत झील का असते, याचा तू कधी विचार केला आहेस का? शाहिराला दम घेता यावा म्हणून, असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण चार माणसांना पालुपद पाठ असतं म्हणजे गाणं चार घरांत राहतं. सत्यशोधक जलसे आपल्या भागात गावोगाव फिरले ते असेच. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेही तीन दमदार गळ्यांचं. सरकारनं तमाशावर बंदी घातली तर त्याच ढंगाचं लोकनाट्य उभं राहिलं.

ग्रीसमध्ये १९६७ साली लष्करानं सत्ता घेतल्यावर संगीतकार मिकिस थिओडोराकिसची गाणी वाजवायलाच काय, ऐकायलासुद्धा बंदी केली. चिलीत १९७३ च्या सप्टेंबरात लष्करानं गायक व्हिक्टर हाराला स्टेडियममध्ये कोंडून मारलं. मरण्यापूर्वी त्यानं तिथंच लिहिलेली कविता सोबतच्या कैद्यांनी लपवून बाहेर आणली. मारेकऱ्यांच्या शिक्षेवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला २०२३ उजाडलं, पन्नास वर्षं. तोवर ते स्टेडियमच त्याच्या नावाचं झालं होतं. मला त्या कैद्यांचं फार वाटतं. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण झील धरली ती त्यांनी.

तुझं गाणं आज फक्त तुझ्या गळ्यात आणि तुझ्या चॅनेलवर आहे. चॅनेल एका तक्रारीवर बंद होतं. धरण्याला येणाऱ्या बायकांना ते शिकव. पालुपद सोपं कर, ‘विस्थापन’ शब्द तिथनं काढ. आजीच्या तोंडात बसेल असा दे. शब्द कागदावर छापून वाट, खाली पथकाचं नाव घाल. कॉलेजनं हॉल दिला नाही तर नाही. आपल्या पेठेतल्या तालमीपुढं जागा आहे. स्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी घे आणि रात्री दहाच्या आत आटप. नसत्या कलमात सापडायचं नाही.

बिंदू चौकातनं जाताना थोडं थांबत जा. माधवराव बागलांनी १९५० साली तिथं फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसवला, बाबासाहेब हयात असताना. आणि तिथंच समोर जेलची भिंत आहे. याच गावात फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळच्या फिरण्यातनं परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांना गोळ्या घातल्या. पुढच्या आठवड्यात आमचा एक कार्यक्रम ठरलेला होता. रद्द करू म्हणाले. आम्ही केला. त्या दिवशी माझा आवाज पहिल्या ओळीलाच फुटला आणि पुढचं सगळं झीलकऱ्यांनी म्हटलं.

वडिलांशी मी बोलतो. त्यांना माझ्याकडं पाठव, नाहीतर मीच येतो. त्यांचा राग हा तुझ्याबद्दलच्या काळजीचा आहे, तो उलटून बोलून जायचा नाही.

रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन ये. गाणं कागदावर लिहून आण, सातबारे मिळाले तर तेही. तुमच्या हलगीवाल्याला म्हणावं, हलगी शेकायला पालापाचोळा परसात गोळा करून ठेवतोय. वरचा सूर आता मला लागत नाही, पण दुसऱ्या कडव्यापासनं खालची झील मी धरतो.

तुझा,
शाहीरकाका