साइड-बाय-साइडमध्ये (शेजारी-शेजारी बसायची, पाइपांच्या पिंजऱ्याची आडवाटेची चारचाकी) ताशी ३० च्या पुढे सीटखालून घरघर येते, टू-व्हीलमध्येही, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांना ओढ असतानाही येते. वळताना ॲक्सिलरेटर दिला की टकटक होते, फोर-व्हीलला कडकड होते. फिटर गिअरबॉक्स उघडायला सांगतोय. उघडू का?

उघडू नका. निदान पुढचा शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ओढ नेणारा दांडा, खाली काढून गाडी एकदा चालवून बघेपर्यंत तरी नाही.

हा आवाज मी चांगला ओळखतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गाडीने तो हुबेहूब असाच काढला होता आणि त्यापायी आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे आमची थोडी जमीन आहे. तिथे दोन खोल्या बांधून पर्यटकांना उतरवतो आणि दोन साइड-बाय-साइड ठेवल्या आहेत. पाणंदीने वर कातळावर न्यायचं, ओढ्यातून परत आणायचं, एवढाच धंदा. रस्त्यावर या गाड्या काढता येत नाहीत, त्यामुळे काही बिघडलं की टेम्पोत घालून पुण्याला न्यावं लागतं. म्हणजे निदान चुकलं की टेम्पोभाडंही दुप्पट.

पावसाळा संपला, ऑक्टोबरात गाडी बाहेर काढली आणि घरघर सुरू. २५ पर्यंत काही नाही, तिशीला सुरू होणार, चाळिशीला इतकी की मागे बसलेला माणूस विचारणार, 'काही तुटलंय का?' पुण्याहून फिटर आला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, गिअरबॉक्सचं बेअरिंग. आवाज मागून, सीटखालून येतोय ना? झालं तर मग.

इथेच पहिली गफलत. या गाड्यांत इंजिन, त्याची ओढ गिअरबॉक्सला देणारा बेल्ट, गिअरबॉक्स सगळं पाठीमागे आणि तुम्ही पाइपांच्या पिंजऱ्यात बसलेले. कुठलाही आवाज त्या पाइपांतून फिरून तुमच्या पाठीशीच येतो. आमच्याकडे एकदा स्किड प्लेटवर, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक प्लेटवर, अडकलेला अंड्याएवढा दगड 'मागचा एक्सल गेला' म्हणून आठवडाभर वाजत होता. आवाज कुठून येतो हे कान सांगतील ते निम्मं खोटं. तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, ते बघायचं.

आमचे आबा येष्टीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. बसखाली आडवं पडण्यात आयुष्य गेलेला माणूस. ते गाडीत बसले नाहीतच. म्हणाले, पाणंदीच्या चढावर घ्या, इंजिन बंद करा, न्यूट्रलला टाका आणि सोडा खाली. आम्ही सोडली. स्टिअरिंग माझ्या हातात, आबा बांधावर उभे. तिशीला घरघर सुरू. इंजिन बंद असताना! म्हणजे इंजिन सुटलं, बेल्ट सुटला, दोन्ही पुल्या सुटल्या. एका उतारात अर्धी गाडी निर्दोष.

एक लक्षात घ्या. जीपवाले 'गिअर बदलून आवाज बदलतो का बघ' म्हणतात, ते इथे चालत नाही. बेल्टच्या गाडीत इंजिनचे फेरे आणि चाकाचा वेग यांचं ठरलेलं नातंच नसतं. म्हणून उतार हीच परीक्षा.

आबा म्हणाले, 'सेंटर बेअरिंग बघा.' मागच्या गिअरबॉक्सपासून पुढच्या डिफपर्यंत (पुढच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा) जाणारा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि त्यांच्या जोडावर, बरोबर सीटखाली, हे बेअरिंग. बसखाली असतं तसंच, फक्त बारकं.

दादा हसला. 'आबा, ही येष्टी नाही.' वर त्याचं म्हणणं असं, की टू-व्हीलमध्येही आवाज येतो आणि टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही, मग त्याचं बेअरिंग वाजेल कसं? दादाने दहा वर्षं जुनी जीप चालवलेली. तिथे टू-व्हीलला घेऊन हब फ्री केले की पुढचा शाफ्ट खरंच निजतो. आमच्या या गाडीत मात्र पुढची ओढ सुटते ती पुढच्या डिफमध्ये. शाफ्ट गिअरबॉक्सला कायम जोडलेला, गाडी हलली की तो फिरणारच. दादाला मी हाताने दाखवलं: मागची चाकं जॅकवर उचल, न्यूट्रल आणि टू-व्हीलला ठेव, चाक फिरव आणि खाली वाकून बघ. तो वाकला नाही. तुम्ही मात्र वाका, कारण सगळ्या कंपन्यांच्या गाड्या सारख्या नसतात आणि तुमची कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही.

दादाचा एक मुद्दा बरोबर होता, तोही सांगतो. न्यूट्रलला सोडलेल्या गाडीतही गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग फिरतच असतो. म्हणजे उताराच्या परीक्षेने गिअरबॉक्स पूर्ण सुटत नाही. मान्य. मग आबांनी पुढचं सांगितलं: शाफ्ट काढा आणि नुसत्या मागच्या चाकांवर चालवा. आवाज गेला तर शाफ्टचा किंवा पुढच्या डिफचा, राहिला तर मागे शोधा. दोन तासांचं काम, खर्च शून्य. आणि त्याहीआधी गिअरबॉक्सचं तेल काढून झाकणावरचं मॅग्नेट बघा. करड्या लोण्यासारखा लेप सगळ्यांनाच असतो. टोचणारे तुकडे, कपच्या निघाल्या तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि फिटरचं ऐका.

आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. दिवाळीचं बुकिंग डोक्यावर होतं, दादाला 'एकदाच काय ते नीट' करायचं होतं. गाडी टेम्पोत चढली. गिअरबॉक्स उघडला, आतलं सगळं ठणठणीत. पण उघडलाच आहे म्हणून सगळी बेअरिंग, सील, गॅस्केट नवीन. ५२ हजार रुपये आणि तीन आठवडे. दिवाळी एका गाडीवर काढली. गाडी परत आली, पाणंदीवर घेतली आणि तिशीला घरघर.

त्या संध्याकाळी कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गावात गेल्यावर आबा अंगणात गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. वय ६८. मी पाने देत होतो. दहाच्या सुमारास बेअरिंग त्यांच्या हातात होतं, फिरवलं तर भिजलेल्या वाळूसारखं करकरत होतं आणि आतून लाल पाणी गळत होतं. वरचा नंबर वाचून मी नाना पेठेत गेलो. ४३० रुपये. ठोकून बसवलं, संध्याकाळी उतारावर सोडली, नुसता वाऱ्याचा आवाज.

आता तुमच्या बाकीच्या दोन ओळींबद्दल. वळताना ॲक्सिलरेटर दिला की येणारी टकटक ही वेगळी भानगड, तिचा घरघरीशी संबंध जोडू नका. तो चाकाकडचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी त्याला ओढ देणारा एक्सलचा सांधा. त्याचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलाय का बघा, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. फोर-व्हीलला कडकड होते म्हणता, तर आधी चारही टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे आहेत का आणि हवा बरोबर आहे का ते बघा. पुढे एक घेर, मागे भलताच घेर असला की पुढचा डिफ विनाकारण ओढला-सोडला जातो. त्यानंतर त्या डिफमधलं तेल. कंपनीने सांगितलेलंच घाला, 'गिअर ऑइल ते गिअर ऑइल' म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. ओढ्यातून जात असाल तर तेल चहासारखं झालंय का तेही बघा, पाणी शिरल्याची खूण ती.

व्हील बेअरिंगचं मी लिहिलं नाही, कारण ते तुम्ही तपासलंच असेल. नसेल तर चाक उचलून वर-खाली धरून हलवा, आजच.

राहून गेलेल्या गोष्टी. गाडी स्टँडवर उचलून चालू करून आवाज ऐकू नका. चाकं लोंबत असताना एक्सल इतके वाकडे होतात की चांगला जॉइंटही वाजतो, आणि गाडी घसरली तर संपलंच. काही गाड्यांत शाफ्ट काढायला पुढचा डिफ हलवावा लागतो, तिथे दोन तासांचं काम दिवसभर चालतं. बऱ्याच ठिकाणी नुसतं बेअरिंग मिळत नाही, रबर आणि पट्टीसकट अख्खं घ्यावं लागतं, तेव्हा ४३० चा आकडा फिटरच्या तोंडावर मारू नका. उतारावर सोडताना ब्रेक आधी तपासा, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद झाल्यावर ते जड होतं. मला पहिल्याच वळणाला कळलं.

आणि ते बेअरिंग गेलं कशाने, हे दादा विचारण्याआधी मीच सांगतो. रोज संध्याकाळी प्रेशर वॉशरने गाडी खालून धुणारा मीच. सीलवर थेट फवारा मारत होतो, चिखल राहू नये म्हणून. आता नुसत्या पाइपच्या पाण्याने धुतो आणि निप्पल असतील तिथे ग्रीस देतो.

दादा अजूनही म्हणतो, पैसे वाया गेले नाहीत, त्या कामानंतर गिअर किती मऊ पडतात बघ. तेल बदललं की मऊ पडणारच, दादा.