पुण्यात माझं रिअल इस्टेट ऑफिस आहे. महारेराचे (महाराष्ट्राच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाचे) नोंदणीकृत एजंट ऑफिसला कसे जोडता येतील?

आधी महारेराच्या संकेतस्थळावरच्या एजंटांच्या यादीतून तुमच्या भागातले लोक निवडा आणि भेटीत कमिशनची वाटणी लेखीच समोर ठेवा. अनुभवी एजंट टक्केवारीपेक्षा पैसे कधी हातात पडणार यावरून ऑफिस बदलतो. बिल्डरकडून कमिशनची रक्कम घराचा करार नोंदवल्यावरही रखडते, तेव्हा एजंटसोबतच्या करारात हे हवंच:

- बिल्डरकडून पैसे आल्यावर किती दिवसांत वाटा देणार
- चौकशी ऑफिसची असेल तर वाटा किती, त्याची स्वतःची असेल तर किती
- सोडून गेल्यावर अर्धवट सौद्यांचं काय (भांडणं बहुतेक इथेच होतात)

नोंदणी क्रमांक स्वतः तपासा. ती 5 वर्षांची असते, संपलेलीही निघते. मात्र 20 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर मिळणारं सक्षमता प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. फर्मची नोंदणी असली तरी ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ते प्रमाणपत्र लागतं. स्वतंत्र कमिशनवर काम करणाऱ्याला मात्र स्वतःचीच नोंदणी हवी. विनानोंदणी काम केल्यास रेरा कायद्याच्या कलम 62 नुसार दिवसाला 10,000 रुपये दंड आहे.