बंदीच्या आधीची नोंद

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

समुद्रातल्या गोंगाटावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. सुरुवात ऐकण्यापासून कर. बोटीचं इंजिन बंद कर, हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, खाली सोड आणि तासभर नुसती बस. मालवणला मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय! ती नांगी झटकन मिटून पाण्यात बुडबुडा फोडणारी चिमुकली कोळंबी होती. मग लांबून ट्रॉलर आला आणि ती तडतड घरघरीत बुडाली. ट्रॉलर दिसेनासा झाला तरी घरघर येतच होती. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून वेगाने. आपले घोळ नि ढोमी हे मासे जोडीदाराला साद घालतात ती याच पाण्यातून.

कॅनडाच्या फंडी उपसागरात २००१ साली संशोधक रोझलिंड रोलंड यांचा गट राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा करत होता; त्यांची प्रकृती कळावी म्हणून. दुसरे संशोधक त्यांचे आवाज टिपत होते. गोंगाट मोजायला कुणीच गेलं नव्हतं. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जहाजं रोडावली. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला, आणि विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही घटली. पुढच्या वर्षांत त्याच हंगामात अशी घट दिसली नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा हे उमगलं. शोधनिबंध आला २०१२ मध्ये. या देवमाशांची हाक आणि जहाजांची घरघर एकाच खालच्या पट्टीत असते, हे लक्षात घे. उत्तर अटलांटिकमधले हे राइट व्हेल आज चारशेही उरलेले नाहीत.

म्हणून कंटाळवाणा दिवसही टाकू नकोस. तारीख, वारा, भरती-ओहोटी, किती बोटी गेल्या, सगळं लिही. तांडेलांशी, म्हणजे बोटी चालवणाऱ्या प्रमुखांशी बोल, पण त्यांना आरोपी करू नकोस. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाज त्यांच्या बोटींपेक्षा कितीतरी दूर पोचतो. आणि पाण्यात सांडलेलं तेल वर्षानुवर्षं राहतं, आवाज मात्र पंखा थांबताच सरतो. मला या कामात सगळ्यात जास्त आशा वाटते ती यामुळेच.

आपल्याकडे १ जूनला मासेमारी बंदी लागते, यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. पावसाचा नि लाटांचा आवाज वेगळा काढावा लागेल, ते किचकट आहे, मी शिकवेन. पण तुलनेला बंदीआधीची नोंद हवीच. मे लागायच्या आत ये. माझा जुना हायड्रोफोन घेऊन जा. केबलचा जोड ओल धरतो, तेवढा बदलून घे.

तुझी,
मावशी