ओएलईडीच्या रेणूंवर पीएच.डी.साठी फुकुओकाला यावं का?

तू विचारलंस: एम.एस्सी. ऑरगॅनिक झालंय, सिंथेसिसवर हात बसलाय, टीएडीएफवर (ओएलईडी पडद्यांसाठीचे, उष्णतेच्या मदतीने उशिरा प्रकाश देणारे सेंद्रिय रेणू) पीएच.डी. करायला जपानला यावं का? जरूर ये. पण नुसत्या सिंथेसिसच्या भरवशावर येऊ नकोस.

इथल्या क्युशू विद्यापीठात अडाची यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेला ४सीझेडआयपीएन हा टीएडीएफ रेणू बघ. बनवायला लागतं एवढंच: टेट्राफ्लुओरोआयसोफ्थॅलोनायट्राइल, कार्बाझोल, सोडियम हायड्राइड आणि द्रावक म्हणून टीएचएफ. पॅलेडियमचा उत्प्रेरकसुद्धा लागत नाही. तुला तो सहज जमेल. करामत रचनेत आहे. विजेने तयार होणाऱ्या एक्सायटॉनपैकी (उत्तेजित अवस्थांपैकी) २५ टक्के सिंग्लेट, म्हणजे लगेच प्रकाश देणारे, आणि ७५ टक्के ट्रिप्लेट, म्हणजे सहसा न देणारे. साध्या फ्लुओरेसन्समध्ये ट्रिप्लेट बहुतेक वाया जातात, म्हणून ट्रिप्लेटमधूनही प्रकाश काढणारी इरिडियमची महागडी संयुगं आली. या रेणूत मात्र दाटीमुळे कार्बाझोल मधल्या कड्याशी तिरके राहतात. होमो (इलेक्ट्रॉनने भरलेली सर्वात वरची कक्षा) एकीकडे, ल्यूमो (सर्वात खालची रिकामी कक्षा) दुसरीकडे. सिंग्लेट आणि ट्रिप्लेटमधलं अंतर इतकं घटतं, की खोलीतल्या उष्णतेवर ट्रिप्लेट परत वर सिंग्लेटमध्ये चढतात आणि उशिरा का होईना, प्रकाश देतात. मेख अशी, की होमो-ल्यूमो फारच दूर गेले तर प्रकाश बाहेर पडण्याचा वेगच मंदावतो. माझ्या मते या क्षेत्राचं सगळं सौंदर्य या ओढाताणीत आहे.

म्हणून निघण्याआधी फोटोफिजिक्स, म्हणजे रेणू प्रकाश कसा घेतात-देतात याचं शास्त्र, शिकून घे. टॉल्युइनमधलं एकच द्रावण आधी हवेत मोज, मग त्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हवा काढून मोज. ऑक्सिजन ट्रिप्लेट विझवतो, त्यामुळे उशिराचा प्रकाश दुसऱ्या वेळीच नीट दिसेल. टीडी-डीएफटी ही संगणकावरची गणनापद्धतही शीक, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस: जपानी रसायनशास्त्रज्ञ हाताकेयामांच्या २०१६ च्या बोरॉन-नायट्रोजन रेणूंसारख्या रचनांमध्ये ती सिंग्लेट-ट्रिप्लेटमधलं अंतर बरंच जास्त दाखवते.

प्रयोगशाळा निवडताना सब्लिमेशन (रेणूंचं शुद्धीकरण), व्हॅक्युम डिपॉझिशन (निर्वातात पातळ थर चढवणं) आणि डिव्हाइसचं आयुष्य मोजण्याची सोय एकाच छताखाली आहे का, ते बघ. निळा प्रकाश देणाऱ्या रेणूंचं घोडं अजून आयुष्यावरच अडलंय, आणि किंचितशी अशुद्धीही तिथे घात करते. फोटोफिजिक्सच जास्त आवडलं, तर ब्रिटनमधलं डरहॅम आणि सेंट अँड्र्यूजही तितक्याच तोलाचे पर्याय आहेत.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीच्या अर्जात संशोधन आराखडा द्यावा लागतो. त्यात ‘नवे रेणू बनवीन’ एवढंच लिहू नकोस. निळा रेणू का तुटतो आणि तू त्यातला कोणता बंध वाचवणार, ते लिही. प्राध्यापकांना मेल त्यानंतर कर. आणि गटातल्या विद्यार्थ्यांना विचारून घे, की आठवड्याची मीटिंग इंग्रजीत होते की जपानीत.