पादत्राणांची स्पॅनिश नावे

प्रश्न : मी घरीच स्पॅनिश शिकते. पादत्राणांच्या शब्दांची यादी पाठ केली. परंतु ‘सापातिया’ म्हणजे कुठे खेळाचे बूट, कुठे घरात घालायच्या सपाता, तर कुठे उंच टाचेचे जोडे असे दिले आहे. यांतला कोणता अर्थ धरावा?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तिन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त देश वेगळे आहेत. स्पेनमध्ये ‘सापातिया’ हा शब्द खेळाच्या बुटांना आणि घरातल्या सपातांनाही वापरतात, तर मेक्सिकोत त्याच शब्दाने स्त्रियांचे उंच टाचेचे जोडे समजले जातात आणि खेळाच्या बुटांना तेथे ‘तेनिस’ म्हणतात. आपल्या रबरी स्लिपरला स्पेन व मेक्सिकोत ‘चांक्ला’, पण अर्जेंटिनात ‘ओखोता’ म्हणतात. म्हणून आपल्याला कोणत्या देशाची स्पॅनिश हवी आहे, हे आधी ठरवा आणि त्या देशाचाच शब्द पक्का करा.

मूळ शब्द ‘सापातो’, म्हणजे जोडा, आपल्याला जड जाऊ नये. कारण मराठीतला ‘सपाता’ हा शब्द त्याच्या पोर्तुगीज भावंडावरून आला, असे मानले जाते. त्यातले ‘प’ आणि ‘त’ मराठीसारखेच उच्चारावेत. स्पेनच्या बहुतेक भागांत मात्र पहिल्या ‘सा’तील ‘स’ जिभेचे टोक दातांमध्ये आणून उच्चारतात.

माझा खरा आग्रह असा आहे की सुटे शब्द पाठ करू नयेत. ‘काळा जोडा, काळी चप्पल’ असे विशेषण बदलण्याची सवय मराठी माणसाला जन्मापासून असते आणि स्पॅनिशला नेमके तेच लागते : ‘एल सापातो नेग्रो’, ‘ला सांदालिया नेग्रा’. सावध राहायचे ते बुटाच्या बाबतीत, कारण आपला बूट पुल्लिंगी असला तरी स्पॅनिश ‘बोता’ स्त्रीलिंगी आहे. म्हणून काळे बूट म्हणजे ‘लास बोतास नेग्रास’. मेन रोडवरच्या चपलांच्या दुकानांपुढून जाताना दिसेल त्या जोडाचे असे रंगासह नाव मनात घेत गेलात, तर लिंग वेगळे पाठ करावे लागणार नाही.

दुकानात ‘के नूमेरो काल्सा?’ असे विचारतील, म्हणजे आपला नंबर कोणता. आपल्याकडे 7 नंबरचा बूट घेणाऱ्या पुरुषाला स्पेनमध्ये साधारण 41 सांगावा लागतो, तर मेक्सिकोत नंबर सेंटिमीटरमध्ये असतो. त्यामुळे 22 ते 45 हे आकडे आताच घोटून ठेवा.